चौथं भोक

पहिला बोर्ड जूनमध्येच फुगला.
आधी कडा, चहात बुडवलेल्या पावासारख्या,
मग सातही थर
भावकीसारखे सुटे झाले.
दुसऱ्याची बेअरिंगं गंजली. चाक कण्हायचं,
आणि यारी रोडच्या वळणावर एकदा
अडकलंच. कोपर, हनुवटी, तीन टाके.
आई म्हणाली, छत्रीच्या उलट कर ना बाई,
ऊन पडलं की काढ.

मी बंदरावर गेले.
मासेमारी बंद होती. होड्या वाळूत कलंडलेल्या,
ताडपत्र्यांखाली पोटं उघडी टाकून.
बुधाजी टपके एका होडीच्या कुशीला फायबर लावत होता.
मास्तरणीची पोर ना तू? पाट कशाला आणलास?
चाकं बघून हसला मात्र नाही.
पालथा घेतला मांडीवर, आणि बोटाच्या पेराने
ठोकत गेला, कान लावून.
टण. टण. टण. भद.
"पानी वरतून नाय येत गो,
भोकातून येतं."

भोकं आठ. बोल्ट जातात तिथली.
ती आधी दुप्पट मोठी पाडायची,
रेझिनने काठोकाठ बुजवायची,
वाळली की त्याच बुजवण्याच्या मधोमध
पुन्हा भोक, बोल्टाच्या मापाचं.
लाकडाला मग बोल्ट कधी भेटतच नाही.
मला हे दोनदा सांगावं लागलं.

मरीन प्लाय त्याच्याकडे उरलेला होता.
बोल्ट त्याने डब्यातून निवडले, चुंबक फिरवून:
चिकटला तो परत डब्यात.
पण जुलैची हवा. रेझिन आळेना.
मी हार्डनरचे थेंब वाढवले,
तर वाटीच तापली, धुमसली, दगड झाली.
बुधाजी काही बोलला नाही, नवी वाटी दिली.
पाळण्यावर चिमणाळं टांगतात
तसा दोनशेचा बल्ब टांगला आम्ही,
आणि बोर्ड त्याखाली रात्रभर निजला.

पायाला पकड हवी म्हणून वाळू.
किनाऱ्याची चालेल, पण मीठ काढ.
तीन पाण्यांत धुतली, आईच्या तव्यावर
रव्यासारखी खरपूस भाजली, चाळली,
ओल्या रेझिनवर चिमटीचिमटीने भुरभुरली.
चाळण आता नवी आण, आई म्हणाली.
तव्याचं तिला अजून माहीत नाही.

बेअरिंगांना दोन्ही अंगांनी रबराची झाकणं,
आत इंजिनाचं ग्रीस, ठासून.
त्याने वेग मरतो. मरू दे.
चाकं मऊ घेतली, नखाने दाबली जातील अशी.
झाला तेव्हा बोर्ड इतका जड
की एका हाताने जिना चढवता येईना.

पावसात हा रस्ता दुसराच असतो.
झेब्राचे पांढरे पट्टे म्हणजे साबण,
गटाराची लोखंडी झाकणं त्याहून वाईट.
डबक्यात शिरायचं नाही, तळ ठाऊक नसतो.
पाय टेकून थांबायला एक रिक्षा जास्त लांबी लागते.
हे सगळं कोपराने शिकले.
पण सात बंगल्यापर्यंत गेले, रोज,
पाण्याची एक पातळ फर्र मागे ओढत,
आणि क्लासच्या दारात बोर्ड उभा करून
खाली साचलेलं तळं बघत राहिले.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या. बुधाजीही.
मग मीच ठोकून बघितलं, पालथा मांडीवर घेऊन.
टण, टण, टण.
चौथ्यापाशी भद नाही,
पण टणही नाही.
त्या संध्याकाळी वीज गेली होती.
टॉर्च तोंडात धरून मी ते एक भोक
तसंच बुजवलं होतं, मोठं न करता.
कोण बघतंय.
त्याने नंतर सगळा बोर्ड ठोकला होता,
आणि चौथ्यावर बोट जरा थांबलं होतं,
आता आठवतं.

आठवडाभर ऐकलं नाही असं केलं.
आज रविवार. आठही बोल्ट बशीत काढलेत,
शेजारच्या पितांबरकाकांकडून ड्रिल आणलाय,
त्यांना पाच वाजेपर्यंत परत हवाय.
बाहेर धो धो.
अजून दीड महिना आहे.